बिलाउजर

गौरी जेवून माघारी गेल्या तरी सिद्धम्मानं पदरात बी घातलं नाही, तेव्हाच धुरपताबाईच्या मनात पाल चुकचुकली होती.

वालूरच्या शिवेला लागून सांबप्पाचं काळंभोर रान होतं. ते भुजंग आणि धुरपताबाई बटईनं करत. त्याच्याआधी भुजंगाचा बाप करायचा. अर्धं कसणाऱ्याचं, अर्धं मालकाचं. कागद नाही, साक्ष नाही. रब्बीच्या पेरणीचे दिवस आले की सांबप्पाची बायको सिद्धम्मा धुरपताबाईला ओसरीवर बोलवायची, हळदकुंकू लावायची आणि सुपातलं ज्वारीचं बी तिच्या पदरात ओतायची. पदरात बी पडलं की साल ठरलं. तिफणीच्या चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या वाटीवर, मूठ बाईची, म्हणून बीही बाईच्याच पदरात. आधी ते भुजंगाच्या आईच्या, बायनाबाईच्या पदरात पडायचं, मग तिच्या सुनेच्या पडायला लागलं. पुरुषमाणसं त्या वेळी अंगणात उभी राहून बैलांच्या शिंगांविषयी काहीतरी बोलत असत.

त्या साली मात्र सिद्धम्मा बोलवीना. रान वखरून पडलं होतं. भुजंग रोज सकाळी जाऊन पायाच्या अंगठ्यानं माती उकरून बघायचा. आधी ओल वरच लागायची. मग बोटभर खाली गेली, मग चार बोटं. घरी येऊन तो बोलायचा काहीच नाही. बायनाबाई पोराच्या पायाच्या अंगठ्याला चिकटलेली माती बघायची आणि ओल कुठवर गेली ते ओळखायची.

अखेर बोलावणं आलं, ते भुजंगाला. धुरपताबाईला कुणी बोलावलं नव्हतं, पण तीही मागोमाग गेली. न बोलावता जायची तिला लाज वाटत नसे.

ओसरीवर सांबप्पा बसला होता. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. पेठेत दुकान होतं, पण माणूस मापात खोट करणारा नव्हता. शेजारी त्याचा लेक शिवरुद्र. तो परभणीला एका वकिलाकडं कारकुनी करत होता आणि कोर्टाचं काम उर्दूत चाले म्हणून उर्दू लिहायला-वाचायला शिकला होता. त्याच्यासमोर पाटावर एक कागद होता आणि शाईची डबी.

शिवरुद्रानं कागद आधी उर्दूत वाचला. भुजंगानं प्रत्येक ओळीला मान हलवली. कळत काहीच नव्हतं, पण मालकाचा लेक एवढा घसा कोरडा करतोय तर मान तरी हलवावी, असं त्याला वाटलं. मग शिवरुद्रानं तेच मराठीत सांगितलं. ही कबुलायत. रान बटईनं करीन, अर्धा माल मालकाच्या खळ्यात घालीन, आणि मालक मागेल तेव्हा बिलाउजर रान खाली करून देईन. हे सगळं मला कबूल व मंजूर.

"म्हंजी?" धुरपताबाईनं खांबाआडून विचारलं.

"काय म्हंजी?"

"ते बिला काय म्हनलाव ते."

"बिलाउजर. कायद्याचा शब्द हाय वैनी."

"असू द्या की कायद्याचा. त्याला अर्थ असंलच न्हवं?"

शिवरुद्रानं बापाकडं बघितलं. "म्हंजी, काई कुरकूर न करता."

"आमी कवा कुरकूर केली?"

"न्हाई ना केली? मंग अंगठा द्यायला काय होतंय?"

"तेच म्हन्ते मी. जी कवा केलीच न्हाई, ती करनार न्हाई म्हून कागद काहून लागतो? इतकी वर्सं लागला न्हाई, आताच काहून?"

"जमाना बदललाय वैनी."

भुजंगाचे कान लाल झाले. त्यानं बायकोकडं असं बघितलं की दुसरी असती तर तिथंच गप झाली असती. धुरपताबाई गप झाली नाही. "अर्थ कळल्याबिगर मी चाड्यावर मूठ धरनार न्हाई," ती म्हणाली, आणि म्हटल्यावर तिलाच जरा भीती वाटली.

सांबप्पाला राग आला नाही. तो कागदाकडं बघत होता, बाईकडं नाही. "बाजारच्या दिशी शिवरुद्र परभनीला माघारी जानार हाय," तो म्हणाला. "तवर काय इचारायचं ते इचारून या."

घरी आल्यावर भुजंगानं डोक्याचं मुंडासं काढून भिंतीवर मारलं. "लोकाच्या बायका बाजारात मिरचीचा भाव इचारतेत. माजी बाई कोर्टाचा शब्द इचारत हिंडनार! तकडं ओल पळायलीय."

"अगं, अंगठाच मागायलाय की," बायनाबाई म्हणाली. "हात थोडाच मागायलाय?"

"आत्याबाई, अंगठ्याच्या मागं हातच असतो," धुरपताबाई म्हणाली आणि घागर उचलून निघाली.

तो शब्द तिला दातात अडकलेल्या कोंड्यासारखा झाला. जीभ पुन्हा पुन्हा तिथंच जायची. विसरू नये म्हणून पाणी आणताना ती पुटपुटत होती, बिलाउजर, बिलाउजर. शेण थापताना तेच. म्हशीला पेंढी टाकताना तेच. बायनाबाईला वाटलं सुनेला झपाटलं. तिनं गुपचूप मीठमोहरी ओवाळून चुलीत टाकली. ठसका लागायचा तो तिलाच लागला.

गावात व्यंकटराव म्हणून एक म्हातारे होते. पूर्वी पटवाऱ्याच्या हाताखाली होते, आता लोकांचे अर्ज लिहून देत. शब्दाला महाग माणूस. धुरपताबाई पायरीखाली बसली, तेव्हा ते अडकित्त्यानं सुपारी कातरत होते.

"उजर म्हणजे हरकत," ते म्हणाले. "बिला म्हणजे शिवाय. हरकत न घेता. मालक ऊठ म्हणाला की उठायचं."

"पीक हुबं असलं तर?"

"उभं तर उभं."

"आन् हुरड्यात आलेलं असलं तर?"

"धुरपता, कायद्याला हुरडा कळत नाही."

"कोर्टात जाऊन सांगितलं तर, की बाबा असं असं झालं?"

व्यंकटरावांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "हाकीम म्हणेल, बाई, तुझ्याच नवऱ्यानं लिहून दिलंय, माझं काही म्हणणं ऐकू नका म्हणून. मग मी कशाला ऐकू?"

येताना ती रानावरून आली. बांधावर उभी राहिली. अजून तिथं ढेकळाशिवाय काही नव्हतं, पण तिला पुरुषभर वाढलेली ज्वारी दिसली, पोटऱ्यातून निसवलेली कणसं दिसली, आणि त्यांना तशीच सोडून गाडीत भांडी भरणारी ती स्वतः दिसली. ज्या रानात तिनं दोन बाळंतपणांच्या आदल्या दिवसापर्यंत खुरपं चालवलं, ते एका शब्दावर जाणार होतं.

दुसरी एखादी तिथून सरळ घरी गेली असती. धुरपताबाईचं तसं नव्हतं. काय होईल ते तिला कळलं होतं, पण शब्द पुरता कळला नव्हता. 'शिवाय' कळलं. जे वजा करायचं, ते नेमकं काय? आपल्याकडं असं काय आहे की जे मालकाला कागदावर काढून घ्यावंसं वाटतं? आपल्याजवळ मालकाला हवं असं काही असेल, हे तिला आजवर सुचलंच नव्हतं, आणि भीतीइतकीच तिला त्याची गंमत वाटत होती.

मशिदीच्या भिंतीच्या सावलीला इमामसाब मुल्ला बाज विणत बसले होते. धुरपताबाईनं न सांगता सुतळीचं दुसरं टोक ओढून धरलं.

"चाचा, उजर म्हंजी काय वो?"

इमामसाबचा हात थांबला. "तू किदरसे लाई ये लफ्ज? बडा लफ्ज हाय माय." त्यांनी सुतळी गुडघ्याखाली दाबली. "बग, मागच्या रमजानात आमची बुढी तापानं पडली. रोजे सुटले. मंग गुनाह झाला का? न्हाई झाला. तिचा उजर व्हता. आजारी मानूस, बाळंतीन, वाटंवरचा मुसाफिर, सगळ्यांचा उजर कबूल हाय."

"म्हंजी बहाना?"

"तोबा! बहाना झूट असतो. उजर सच्चा असतो. करायचं तर व्हतं, पर असं असं झालं, म्हून जमलं न्हाई. हे खरं खरं बोलनं म्हंजी उजर."

"आन् ऐकतो कोन ते?"

इमामसाबनी बोट वर केलं.

"तो ऐकतो?"

"सबसे पैले तोच ऐकतो. मानसं मागून."

धुरपताबाईच्या हातातली सुतळी सैल पडली. "चाचा, मंग एखाद्यानं बिलाउजर लिहून दिलं तर?"

"तर काय, त्यानं आपलं तोंड आपल्या हातानं शिवलं." त्यांनी सुतळीला हिसका दिला. "टाईट धर माय, ढिली पडायलीय."

सिद्धम्मा तिला सांबप्पाच्या घरामागच्या आडावर भेटली. वाळवणातल्या डाळीचे खडे वेचत होती. धुरपताबाई समोर बसून वेचू लागली. दोघी सारख्याच वयाच्या, एकीच्या हातात पाटल्या आणि दुसरीच्या हाताला घट्टे, एवढाच काय तो फरक, असं सिद्धम्मा गमतीनं म्हणायची. धुरपताबाईला तो फरक एवढाच कधी वाटला नव्हता, पण ती हसून घ्यायची.

"आक्का, बी काहून घातलं न्हाई औंदा?"

"शिवरुद्र म्हनला, आई, बी आत ठिव. काहून रे म्हनलं, तर म्हने तुला कळत न्हाई." सिद्धम्मानं खडा लांब फेकला. "तुला कळलं का काई?"

धुरपताबाईनं सगळं सांगितलं. व्यंकटरावांची हरकत सांगितली, मुल्लाचा उजर सांगितला. सिद्धम्मा ऐकत होती आणि तिच्या हातातली डाळ तशीच राहिली होती.

"मला चारठान्याच्या म्हायेराहून हितं आनली तवा कुनी इचारलं व्हतं?" ती म्हणाली. "अंतरपाटाआड हुभी केली. माजी कबुलायत बिलाउजरच की गं."

दोघी हसल्या. इतक्या हसल्या की आडावरचे कावळे उडाले. मग हसणं ओसरलं. "पर मला कुनी ऊठ म्हनलं न्हाई," सिद्धम्मा हळूच म्हणाली. "तेवढं खरं."

बाजारच्या दिवशी सकाळी भुजंग रानातून आला, तो आज बोलला. "मनगटापातूर खाली गेली ओल. आज अंगठा देनार मी. उठवायचं तवा उठवू दे. औंदाची भाकर तर पिकू दे."

तो म्हणत होता ते खोटं नव्हतं. बायनाबाई दारात बसून दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. पोटाला काय, शब्दाचा अर्थ घालायचा?

ओसरीवर कागद तसाच पाटावर होता. धुरपताबाईनं खांबाशी उभं राहून नुसतं तोंड उघडलं, तोवर भुजंगानं शाईच्या डबीत अंगठा बुडवला आणि कागदावर दाबला. इतक्या जोरात दाबला की पाट हलला. शिवरुद्रानं कागदावर फुंकर घातली. "बास. झालं," तो म्हणाला.

बायकोचं तोंड बंद करायला नवऱ्यानं अंगठा वापरला, हे सगळ्यांना दिसलं. धुरपताबाईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते पुसलंही नाही.

आतून सिद्धम्मा सूप घेऊन आली. सुपात टपोरं बी होतं. धुरपताबाईनं पदर घट्ट आवळला आणि कमरेला खोचला.

"बी त्यांच्या धोतरात घाला आक्का. अंगठा त्यांचा हाय."

"वैनी, आता काय ऱ्हायलं?" शिवरुद्र म्हणाला. "कबुलायत झाली."

"कुनाची?"

"कुळाची."

"आन् आप्पांनी काय कबूल केलं हाय त्याच्यात?"

"मालकाला कबूल करावं लागत न्हाई. मालक देतो, कूळ कबूल करतं."

"आस्सं." धुरपताबाई दोन पावलं पुढं आली. आजवर ती खांबाच्या पुढं आलेली नव्हती. "मंग माजा उजर आज ऐका. उद्या ऐकनार न्हाई म्हनून लिहून घेतलंय, तवा आजच सांगते. बैल बसला आन् पेर मागं पडली, तर त्यो माजा उजर. धनी तापानं पडले, तर त्यो उजर. आन् कनीस हुरड्यात आलेलं असताना तुमी ऊठ म्हनलाव, तर मी उठनार न्हाई आप्पा. त्यो सगळ्यात मोठा."

सांबप्पाला हे लागलं. "हुब्या पिकातून मी तुमाला उठवीन? असा दिसलो का गं मी तुला?"

"न्हाई दिसलाव. तुमी न्हाई उठवनार. मंग लिव्हलं काहून?"

सांबप्पा लेकाकडं वळला. "खोड ते. हुब्या पिकात उठवनार न्हाई, असं लिव्ह."

"न्हाई खोडता येत आप्पा."

"काहून?"

"न्हाई म्हंजी न्हाई. ते कारन हितं सांगायचं न्हाई."

धुरपताबाई ओल्या डोळ्यांनीच हसली. "बगा, शिवरुद्रदादालाबी उजर हाय. सांगू द्या त्यास्नी. ऐकू की आपुन."

सिद्धम्मा हसली. भुजंगसुद्धा खाली मान घालून हसला. पाटाशी बसलेल्या माणसाला आपल्याच शब्दावरून आपल्याच घरात बायका हसतात, हे शिवरुद्राला सहन झालं नाही. तो ताडकन उठला.

"कायदा यायलाय आप्पा, कायदा! हैदराबादेत खल चाललाय. वर्सानुवर्स बटईनं करनाऱ्याला मालकानं उठवायचं न्हाई, असं ठरायलंय. एकदा का त्यो आला, की रान नावाला आपलं. म्हनून त्याच्या आत हे लिहून घ्यायचं. किती डाव सांगू तुमाला!"

सिद्धम्माच्या सुपातून चार दाणे खाली पडले. किती डाव सांगू, म्हणजे बापाला हे आधीच सांगून झालं होतं. सांबप्पाची नजर खाली गेली तेव्हा ते भुजंगालाही कळलं.

"कंचा कायदा?" धुरपताबाईनं विचारलं. ती तिथंच जमिनीवर बसली. "नीट सांगा आप्पा. बसले मी."

सांबप्पानं गळ्यातली डबी मुठीत धरली. मग त्यानं सांगितलं, काही हातचं न राखता सांगितलं. कायदा अजून आलेला नाही, पण येणार म्हणतात. आला तर भुजंगासारख्याला रानावर हक्क मिळेल. आणि आधीच असा कागद झालेला असला तर मालकाच्या हातात काहीतरी राहील, असं वकिलाचं म्हणणं. "माज्या बापानं घेतलेलं रान हाय," तो म्हणाला. "मला भ्या वाटलं. तुमाला सांगायची लाज वाटली. म्हनून पोराला फुडं केलं." त्याला घाम आला होता. तो त्यानं उपरण्यानं टिपला.

"आता सगळं सांगितलं," तो म्हणाला. "भुजंगा, आता तू सांग. कबूल हाय का?"

भुजंग अंगठ्यावरच्या शाईकडं बघत होता. त्या ओसरीवर त्याच्या बापानं कधी नकार दिला नव्हता, त्यानं तर नाहीच. धुरपताबाईनं त्याच्याकडं बघायचं मुद्दाम टाळलं. जे यायचं ते त्याचं त्याच्या तोंडून येऊ दे, असं तिला वाटलं.

"न्हाई आप्पा," भुजंग म्हणाला. आवाज इतका बारीक आला की त्यानं पुन्हा म्हटलं. "कबूल न्हाई."

"आता न्हाई म्हनून काय होतंय?" शिवरुद्रानं कागदाची घडी घातली. "अंगठा झालाय."

"कागद ठिव तुज्यापाशी," सांबप्पा म्हणाला. "पर उद्या हाकिमानं मला इचारलं, की ह्या मानसानं समजून उमजून कबूल केलं का, तर मी काय सांगू? गळ्यात लिंग हाय माज्या. हेनं न्हाई म्हनलेलं मी ह्या कानांनी ऐकलंय."

शिवरुद्रानं कागद खिशात घातला आणि कुणाकडं न बघता तो बाजाराच्या वाटेला लागला. सिद्धम्मानं नवऱ्याला विचारलं नाही. ती पुढं झाली, तिनं धुरपताबाईच्या कमरेचा खोचलेला पदर स्वतःच्या हातानं सोडवला आणि सूप उपडं केलं. धुरपताबाई उठली आणि बैल जुंपायला सांगायला अंगणात गेली.

सांबप्पा तसाच बसून होता. "मला लय भ्या वाटायलंय रे भुजंगा," तो म्हणाला.

भुजंग त्याच्याजवळ ओसरीच्या काठावर टेकला.

"आमालाबी आप्पा," तो म्हणाला.